आबांच्या अंगठ्यातून उगवलेला प्लाझ्मिड

या ग्रुपवर मी आजवर फक्त दुसऱ्यांची भुतं खोडत आलोय. चिंचेखालची बाई म्हणजे धुकं, माळ्यावरची पावलं म्हणजे घूस... तेव्हा आज मला हसलात तर तो तुमचा हक्कच.

कराडला लागून मलकापूर आहे. तिथल्या एका लॅबमध्ये मी पीएचडी करतो. विषय सेन्ट्रोमिअर — गुणसूत्राची कंबर म्हणा. तिथं बसणाऱ्या प्रोटीनला जेलीफिशच्या हिरव्या प्रकाशाचं शेपूट जोडायचं आणि माणसाच्या पेशीत ते चमकताना बघायचं. या जोडकामाची कृती ज्यात लिहिलेली असते ती डीएनएची इवली बांगडी म्हणजे प्लाझ्मिड. परदेशातल्या एका लॅबने तो ट्यूबमधून पाठवला, आणि मी तो 'निर्जंतुक असलेला बरा' म्हणून काचसामानाबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या प्रेशर कुकरात, उकडला. पिठलं झालं त्याचं.

माझ्या गाइड मॅडमनी हातापाया पडून पुन्हा मागवला. या वेळी तो कागदावर आला — फिल्टर पेपरवर थेंब वाळवतात, भोवती पेन्सिलीने गोल करतात. तो गोल कापायचा, पाण्यात भिजवायचा, ते पाणी जिवाणूंना पाजायचं; औषध घातलेल्या प्लेटवर प्लाझ्मिड मिळालेले जिवाणूच जगतात, ठिपके होऊन वाढतात. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सेमिनारपर्यंत पेशी चमकल्या नाहीत तर विषय बदलायचा. चार वर्षं विसर."

आणि मी तो लिफाफा घेऊन थेट जतला, घरी. आबांना, माझ्या वडिलांना, दाखवायला. चार वर्षं त्यांचा एकच प्रश्न होता, "करतुयास काय रं नक्की?"

"आबा, मेंढरं वळखू यावी म्हणून आपण पाठीला रंग लावतो न्हवं? तसा पेशीतल्या एका मेंढराला लावायचाय. रंग ह्या कागदात हाय."

"दिसत तर न्हाई."

"दिसत न्हाई, पर हाय."

"मग मी देव हाय म्हटलं की दात का काढतुयास?"

मी पाणी प्यायला उठलो. परत येतो तर आबांनी अंगठा जिभेला लावून, भंडाऱ्यात बुडवून कागदावर टेकवलेला. नव्या वस्तूला भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावायचाच, ही आमच्याकडची रीत. माझ्या मोटारसायकलीचा मीटर अजून पिवळा आहे.

"आवं आबा, ह्ये काय केलंसा?"

"कामाला लाग गड्या. हुतंय नीट."

सोमवारी लॅबमध्ये मी घाईघाईत, कागदाची घडीसुद्धा न उलगडता, वरच्या पदरावर पिवळेपणात दिसणारा फिकट गोल पेन्सिलीचाच समजून तेवढा पदर कापला आणि कामाला लावला. शेजारी नुसत्या पाण्याची प्लेट ठेवली. सकाळी ती कोरी. आमच्या प्लेटवर जिवाणूंचे टपोरे ठिपके. त्यांतून प्लाझ्मिड काढून पेशींत घातला. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली बघतो तर... प्रत्येक केंद्रकात तीस-चाळीस हिरव्या चांदण्या. मॅडमनी मला बाजूला ढकललं ते अर्धा तास आयपीसजवळ येऊच दिलं नाही. प्लाझ्मिडची अक्षरं वाचून घेतली, म्हणजे सिक्वेन्सिंग केलं; ते अक्षर न् अक्षर जुळलं. सेमिनारला टाळ्या पडल्या. विषय माझा राहिला.

आठवड्याने उरलेला कागद फाइलला लावताना घडी उलगडली. आत पेन्सिलीचा गोल. अखंड. मी कापला होता तो आबांचा अंगठा.

"धांदरटा," मॅडम म्हणाल्या. "थुंकीने डीएनए सरकला असेल."

"मॅडम, गोल दोन घड्या आत होता. तिथं ओल पोचलीच नाही."

"मग गोल कापून लाव."

लावला. पाच वेळा. एकही ठिपका नाही.

हळद हिरवी चमकते हे मला माहीत आहे, कमेंट करू नका. हळद सेन्ट्रोमिअर हुडकून त्यावर बसत नाही, आणि आबांच्या थुंकीत जेलीफिश नाही.

आबांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, "चमकलं न्हवं? मग आता कशाला खाजवतुयास?"

मी खाजवतोच आहे. मॅडमनी लॅबच्या वहीत 'कारण अज्ञात' लिहून खाली सही केली — त्यांच्या हातून हे दोन शब्द मी प्रथमच पाहिले. ज्याला शंका असेल त्याने मलकापूरला यावं. पेशी जिवंत आहेत, चमकताहेत. दाखवीन अभिमानाने. समजावून सांगता येणार नाही.