आवडीच्या वाट्याच्या गोळ्या

कर्जतच्या दवाखान्यातला भिवाजी कंपाउंडर एका जागी बसलेला कुणी पाहिला नाही. औषध खलता खलता तो दोनदा दारापर्यंत जाऊन यायचा. रोग्याच्या हातात पुडी दिली की बाकीचे कंपाउंडर सुटतात. याच्या जिवाला तिथून घोर लागायचा. घरी जाऊन घेईल ना हा? का टाकून देईल? लोक म्हणत, भिवाजीच्या पायाला भिंगरी आहे.

ती भिंगरी आईमुळे लागली होती. हिवतापात तिला कोयनेलच्या गोळ्या त्यानंच आणून दिल्या होत्या. घेतली का गं, विचारलं की म्हातारी मान डोलवायची. ती गेली. पुढल्या वर्षी घर शाकारायला काढलं, तेव्हा छपराच्या जुन्या गवतात खोचलेली पुडी खाली पडली. गोळ्या जशाच्या तशा होत्या. कडू लागतात म्हणून तिनं लपवल्या होत्या. तेव्हापासून भिवाजीनं माणसाच्या मान डोलवण्यावर विश्वास ठेवणं सोडलं. तो रोग्याच्या घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजायचा.

एकोणीसशे सव्वीसच्या भाद्रपदात पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीतली आवडी तापानं पडली. दिवसाआड हुडहुडी भरायची, चार घोंगड्या टाकल्या तरी दात वाजायचे. नवरा पोशा तिला झोळीत घालून खाली घेऊन आला. डॉक्टरांनी एकवीस गोळ्या दिल्या, रोज तीन, सात दिवस. भिवाजीनं त्या फडक्यात बांधल्या आणि पोशाला बजावलं की रोज तीन संपल्याच पाहिजेत, मी मोजायला येईन.

तो गेलाही. दोन दिवसांनी पंधरा उरल्या होत्या, चार दिवसांनी नऊ, आठव्या दिवशी फडकं रिकामं. गावातल्या शहाण्यांपेक्षा ही ठाकरं शब्दाला जागतात, असं म्हणत भिवाजी खूश होऊन डोंगर उतरला. पण आवडीचा ताप काही हटला नाही.

डॉक्टर म्हणाले, एकवीस गोळ्या पोटात जाऊनही ताप राहतो म्हणजे हा हिवताप नव्हेच. कोयनेल थोडं उरलंय, ते तिच्यावर घालवायचं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? मोजणी भिवाजीनंच दिली होती. म्हणजे आवडी मरणार, आणि तीही त्याच्या चोख मोजणीवर!  एक गोष्ट त्याला सारखी टोचत होती. कोयनेल नेमानं घेतलं की कान वाजतात, रोगी कुरकुरत येतात. आवडीनं एकदाही कुरकुर केली नव्हती.

सकाळ होताच तो वाडीवर पोचला. आवडी ओटीवर पडली होती, डोळे खोल गेलेले.

"आवडे, कान वाजतात का गं तुझे?"

"नाय. कान कशाला वाजतील?"

"मग गोळ्या गेल्या कुठं?"

"खाल्ल्या की समद्यांनी. सात मानसं हाईत घरात. एकेकाला तीन आल्या."

तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. वाडीत ससा मिळो की मधाचं पोळं, वाटा पडायचा. शिकारीला न गेलेल्यालाही, झोपलेल्या पोरालाही. घरात आलेली वस्तू एकटीनं तोंडात टाकायची म्हणजे ती लाजेनंच आधी मेली असती. भिवाजीला स्वतःचाच भयंकर राग आला. त्यानं गोळ्या मोजल्या होत्या, तोंडं मोजली नव्हती.

खाली येऊन त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं, शिव्या खाल्ल्या आणि आणखी एकवीस गोळ्या घेऊन परतला. पण आवडी ऐकेना. सुनेला न देता मी कशी खाऊ, एवढंच तिचं म्हणणं. तो रागावला, हात जोडले, अंगणात येरझाऱ्या घातल्या. शेवटी म्हणाला, "पोशाच्या पायात काटा मोडला, तर सुई कुणाच्या पायात घालतेस?"

 "त्याच्याच की."

"मग हा काटा तुझा आहे."

ती कबूल झाली, पण एका अटीवर. त्यानं समोर बसायचं, म्हणजे ती चोरून खाते असं कुणी म्हणणार नाही. झालं! जन्मात कुठं न टेकलेला भिवाजी रजा टाकून वाडीवर राहिला. तिनं गोळी गिळली की तोंड उघडायला लावायचा, जीभ वर करायला लावायचा. दुसऱ्या दिवशी हुडहुडी आली. चौथ्या दिवशी आली, पण थोडी. सहाव्या दिवशी पुन्हा तापाची पाळी होती. भिवाजी सकाळपासून ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर करत होता. ऊन कलायला आलं तरी घोंगड्या कोपऱ्यातच पडून होत्या.

आवडी मात्र कानांवर हात दाबून, तोंड वाकडं करून बसली होती.

"दादा, कानात रातकिडे ओरडत्यात रं."

भिवाजीनं तिला पुन्हा सांगायला लावलं.

"लई ओरडत्यात. आनि हे कुनाला वाटताबी येत नाय."

पोशा हसला, सून हसली. भिवाजीही हसता हसता मटकन खाली बसला, आणि बसल्या जागी त्याला रडू फुटलं. आईला त्यानं 'घेतली का गं' असं शंभरदा विचारलं होतं. कान वाजतात का, हे एकदाही विचारलं नव्हतं.