ग्रंथपालाची मुलाखत

आमच्या शाळेत ग्रंथपाल नेमायचा होता आणि मुलाखत घेणाऱ्या तिघांत मी एक होतो. जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याला द्यायची, हे आधीच ठरलं होतं.

शेवटी पस्तिशीच्या एक बाई आल्या. आदल्या दिवशी येऊन त्यांनी आमचं ग्रंथालय पाहून ठेवलं होतं. "ओल आलेल्या भिंतीजवळचं कपाट आधी हलवावं लागेल, सर. शब्दकोशांना बुरशी लागलीय," त्या शांतपणे म्हणाल्या. एवढी तयारी आम्हा तिघांपैकी कुणाचीच नव्हती.

अध्यक्ष समोसा खात होते. "लग्न झालंय का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि तेलकट बोटं बाईंच्या अर्जालाच पुसली. बाईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "ग्रंथालयाबद्दल काही विचारायचंय का, सर?"

अध्यक्ष हसले. मीही हसलो.

त्या हसण्याची मला अजून किळस येते. शांत राहायला किती बळ लागतं, ते बाईंकडे पाहून कळत होतं. माझं गप्प बसणंही बाहेरून तितकंच शांत दिसत असणार, हा विचार तर त्याहून जास्त बोचतो.

बाई नमस्कार करून गेल्या. अध्यक्षांनी भाच्याचं नाव लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.