दारातली परात

माझ्या थोरल्या बहिणीच्या पोराइतका उंबरठा ओलांडायला वेळ लावणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. तो मोठ्या शहरात रसायनशास्त्राचा प्रोफेसर आहे. पिंगळी स्टेशनवर उतरून घरी येतो आणि दारातच थांबून घड्याळ, किल्ल्या, पट्टा, चिल्लर सगळं काढून ठेवतो. त्याच्या प्रयोगशाळेत माणसापेक्षा उंच लोहचुंबक आहे; जवळ लोखंड नेलं की हिसकावून घेतं म्हणे. तिथली सवय अंगात मुरली. विहारात जाताना लोक चपला काढतात, हा पट्टाही काढतो. एका लग्नात वंदना सुरू झाली, तर हात जोडावेत की पँट धरावी हे त्याला ठरवता येईना. शेवटी मीच दाराशी एक जुनी पितळी परात ठेवली. तिच्यात किल्ल्या पडल्या की घरभर खणखणाट होतो.

त्याचं काम मला चौथीपर्यंतच्या शिक्षणावर समजलं ते असं. आपल्या अंगात प्रथिनं असतात. त्यातली काही म्हातारपणी मेंदूत गोळा होऊन बसतात आणि माणूस विसरायला लागतो. तो तसले गोळे प्रयोगशाळेत तयार करतो, तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीत ठासून भरतो आणि नळी चुंबकात तिरकी ठेवून भोवऱ्यासारखी गरगर फिरवतो. मग रेडिओसारख्या लहरी सोडून गोळा आतून कसा रचला आहे ते ओळखतो. हे ठासणंही तो घरी घेऊन येतो. शेंगदाण्याची चटणी बरणीत भरायला दिली, तर चमच्याच्या दांड्याने ठोकत बसला.

"मधी हवा राहिली की फिरताना तोल जातो, मावशी."

"चटणी कोण फिरवायलंय, बाबा?"

ती चटणी पुढे मी उलथन्याने खणून काढली.

बहीण माझ्याकडेच राहते. तिला विसर पडायला लागला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "तुझ्या मशिनीनं तुझ्या मायला फरक पडंल का?"

"मायला न्हाई पडायचा. पण आकार कळला तर दवा कुठं चिकटवायची ते कळंल. पुढच्यांच्या कामी येईल."

तो खोटा धीर देत नाही. मला त्याचं हे आवडतं.

मागच्या हिवाळ्यात बहिणीने जेवण सोडलं. मी फोन केला. तो मिळेल त्या गाडीने आला आणि पहिल्यांदाच परातीकडे न बघता सरळ आत शिरला. बहिणीने डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "पाव्हणे आलेत. पाणी दे की."

पोटच्या पोरापुढे पदर. तो उलटपावली बाहेर गेला आणि परातीत घड्याळ टाकलं, किल्ल्या टाकल्या, चिल्लर टाकली.

"पोरगं आलं जणू," बहीण म्हणाली. "भाकर टाक गं, भुकेजलं असंल."

त्याच्या ताटातली अर्धी भाकर तिनेही खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा पुन्हा बाहेर जाऊन परात वाजवतोय.

"आता काय झालं?"

"एकदा झालं म्हणजे झालं असं नसतं, मावशी. परत करून बघाय लागतं."

परत तसंच झालं.

आता तो दर महिन्याला येतो. गेल्या खेपेला म्हणाला, गोळ्याची एक बाजू नीट दिसायलीय. एका बाजूने काय होतं मला कळत नाही, पण सांगताना त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता. खणखणाट ऐकला की बहीण अजून दाराकडे बघते. कधीतरी ऐकूनही बघणार नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. तोवर त्या परातीत मी कुणाला पीठ मळू देत नाही.