बिनमुंडक्यांची भिंत

"पाय आधी," असं म्हणून पेंटर भिंतीसमोर उकिडवे बसायचे, हाताचा अंगठा डोळ्यासमोर धरायचे आणि तिथे नसलेल्याच माणसाच्या पोटरीचं माप घ्यायचे.

त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते सांगून उपयोग नाही. नगरकडच्या बेलापुरात त्या नावानं विचारलंत तर कुणी घर दाखवणार नाही. पेंटर म्हणा, शेंबडं पोरही दारापर्यंत नेईल. जुन्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या, उसाच्या ट्रॉल्यांवरचे मोर त्यांचे. मग फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश वाळत पडले. तुमच्याही गावात असा एक पेंटर असेल, जरा शोधून पाहा.

मी तिथल्याच एका शाळेत खेळाचा शिक्षक. मैदानाच्या कडेची भिंत वर्षानुवर्षं कोरी होती. तिच्यावर जगातल्या आठ नामांकित धावपटूंची, उडीवाल्यांची आणि भालाफेक्यांची चित्रं काढायचं मी हेडसरांच्या गळी उतरवलं. ते फ्लेक्स लावा म्हणत होते. मी अडून बसलो, कारण मला ट्रॉल्यांवरचे मोर आठवत होते.

खेळाडूंची नावं पेंटरांच्या तोंडात काही बसली नाहीत. त्यांच्या लेखी एक शंभरवाला, एक भालावाला, आणि उंच उडीच्या बाई. बाईंना कायम अहोजाहो. शाळेच्या मोठ्या पडद्यावर मी शर्यती लावायचो, तर हे पडद्याला नाक लावून फक्त पाय बघत बसायचे. "ह्याची टाच भुईला लागतच न्हाई बगा, सर." कोण जिंकलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

"अहो, तोंडापासून सुरुवात करा की," हेडसर एकदा म्हणाले.

"तोंडानं कुनी पळालंय व्हय, हेडसर?"

दोन महिन्यांत आठही देह उभे राहिले, पण गळ्यापर्यंतच. वर नुसता चुना. पोरांनी लगेच नाव पाडलं, बिनमुंडक्यांची भिंत. मधल्या सुट्टीत विटा रचून त्यावर चढायचं आणि भालावाल्याच्या गळ्यावर आपलं डोकं लावून उभं राहायचं, हा नवा खेळच झाला.

तोंडांची वेळ आली आणि पेंटरांची कारणं सुरू झाली. चुना ओला आहे. अमावास्या आहे. ब्रशचे केस गळतात. स्नेहसंमेलन पंधरा दिवसांवर आलं. हेडसर म्हणाले, "आठ मुंडकी फ्लेक्सवर छापून आणतो आणि चिकटवतो." मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर पेंटरांचाही आला.

तणतणतच मी मैदानावर गेलो. मोबाईलवर उंच उडीच्या बाईंचा फोटो शोधून तो पेंटरांच्या हातात कोंबला. हवा तेवढा वेळ बघा, पण आज हे तोंड सुरू करा म्हटलं आणि बाजूला उभा राहिलो. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग मान डोलावली.

"लई सोज्वळ चेहरा हाय बाईंचा. नाक काडायला मजा येनार."

मी वाकून पाहिलं. स्क्रीन केव्हाच बंद झाली होती. पेंटर काळ्या काचेकडे बघून बोलत होते.

माझा राग कुठल्या कुठे गेला. "पेंटर, दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी मोबाईल धोतराला पुसून परत दिला. "पाय हाताला पाठ हायेत, सर. तोंड बगून काडावं लागतं."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि पेंटर ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता. "हाय तेवडंबी गेलं तर? आज रंग तरी कळतोय. उद्या कुनी पेंटर म्हनून हाक मारली, तर मी ओ कशी देऊ?"

मी पुन्हा चिडलो. "मग भालावाल्याला फ्लेक्सचं मुंडकं चालेल का?" असं म्हणून गेलो. बोलल्यावर लाज वाटली, पण ते वर्मी लागलं. तिसऱ्या दिवशी पेंटर माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. राहुरी गेली, नगरचा डोळ्यांचा दवाखाना आला. माझा खांदा त्यांनी असा धरला होता की दोन दिवस दुखत होता.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. पेंटर डोळा मिचकावत राहिले. मग त्यांनी समोरच्या पाटीकडे बोट केलं.

"ही 'शांतता राखा' कुनी लिवली? अक्षराला पोटच न्हाई."

मी इतक्या मोठ्यानं हसलो की नर्सनंही त्याच पाटीकडे बोट दाखवलं. हसता हसता माझे डोळे भरून आले, ते कुणी पाहिलं नाही.

स्नेहसंमेलन बिनमुंडक्यांच्या साक्षीनंच पार पडलं; हेडसरांनी फ्लेक्सचा विषय पुन्हा काढला नाही. महिन्याभरानं पेंटर काळा चष्मा लावून मैदानावर आले. सगळी शाळा गोळा झाली. हेडसर आठ चेहऱ्यांचे मोठाले फोटो घेऊन तयारच होते. पेंटर भिंतीच्या कडेनं चालत गेले आणि लांब पल्ल्याच्या अनवाणी धावपटूपाशी थांबले. खाली बसले. बराच वेळ बघत राहिले.

"ह्याचे दोनी अंगठे एकाच अंगाला? दोनी पाय डावे?"

मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पोरांना माहीत होतं. शर्टाचं तुटलेलं बटण लांबून हेरणाऱ्या हेडसरांना तर माहीत असणारच.

"आनी तुमी कुनीच बोलला न्हाई?"

हेडसर खाकरले. "पळत होता की चांगला."

पेंटर चष्म्याआड हसले. हेडसरांनी फोटो पुढे केले, ते त्यांनी हलकेच बाजूला सारले आणि ब्रश बुडवला. "पाय आधी."

आता पेंटर राहुरीला लेकीकडे असतात. दुसराही डोळा झाला. भिंतीवर आठही जण तोंडासकट उभे आहेत. यंदा अनवाण्याच्या उजव्या पायाचा रंग उडाला आणि खालचा जुना अंगठा वर आला. हेडसर म्हणाले, कुणाकडून तरी हात मारून घेऊ. मी पेंटरांना फोन लावला.

"कुनाला हात लावू दिऊ नका, सर," ते म्हणाले. "मी येऊन बगतो."