कोणाला काय येतं याची वही

रोज डायरी लिहिणाऱ्याकडे किस्से कसे साचतात, तर कापड विणायच्या लूमखाली धाग्यांचे तुकडे साचतात तसे. झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! मी शाळा शिकलो चौथीपर्यंत. पुढचं वाचणं पुड्यांच्या कागदांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून आलं. या गुजराती मुलखात, लिंबायतला आल्यापासून मी एकही दिवस कोरा सोडलेला नाही. पण सगळ्या वह्यांत माझी लाडकी आहे ती आमच्या गल्ली कमिटीची.

ही नव्वदनंतरची गोष्ट. गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता आणि त्यावर सगळ्या मोहल्ल्याचा कचरा. कमिटीच्या प्रमुख जिजाअक्का, मूळच्या खानदेशातल्या. गल्लीतल्या बायका घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या आणि तेवढा वेळ रांगतं पोर लुगड्याच्या काठाने खाटेला बांधून ठेवायच्या. अक्कांना ते बघवत नसे. "त्या प्लॉटवर बालवाडी पाहिजे," एवढं एकच त्यांचं म्हणणं.

*

पहिल्या मीटिंगला मी मोठ्या हौसेने यादी करून नेली. गटार नाही, नळ नाही, दिवा नाही, पैसा नाही, एकी नाही. पान पुरलं नाही!

अक्कांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भाऊ, अक्षर छान आहे. आता हे पान मिट. जे नाही त्याने झाडू मारता येत नाही."

आणि त्या एकेकासमोर जाऊन त्यांच्या अहिराणीत विचारू लागल्या, "तुले काय येस?" तुला काय येतं? लोक लाजले. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

सुमनबाईंची पाळी आली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "तिला फक्त भांडता येतं!" सगळे हसले.

अक्का हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "लिही. सुमन, भांडता येतं. प्लॉटची राखण तिच्याकडे."

*

कांबळे नाना रेल्वेत गँगमन होते, रुळांची पातळी राखणारे, आता रिटायर. आमच्या कच्च्या गटारातलं पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे येऊन नानांच्याच ओट्याशी थांबायचं.

एका सकाळी पाहतो तर नाना गल्लीत पालथे पडलेले. आम्ही धावलो. वाटलं, चक्कर आली! जवळ गेलो तर एक डोळा मिटून जमिनीकडे बघतायत. "इथं बोटभर उंच. तिथं दोन बोटं खोल. फावडं आणा."

भिकाभाऊ म्हणाला, "नाना, नुसत्या डोळ्याने उतार कळतो का?"

नाना पालथ्यानेच म्हणाले, "या डोळ्याच्या भरवशावर आगगाड्या गेल्या रे! तुझं भांड्यांचं पाणी नाही जाणार?"

संध्याकाळी पाणी निघालं आणि सरळ मोठ्या नाल्याला लागलं. नाना त्याच्या सोबतीने शेवटपर्यंत चालत गेले, पाहुण्याला स्टँडवर सोडायला जावं तसे.

*

हा भिकाभाऊ लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम चालू करणारा. लूमवाल्यांच्या दोन खोडी असतात. एक, बोलले तर ओरडूनच बोलतात. दुसरी, बोलतच नाहीत! खडखडाटात काही ऐकू येत नाही म्हणून कारखान्यात सगळं हातांच्या खुणांनी चालतं. बॉबिन संपली, शेठ आला, चहा सांग, सगळ्याला खूण.

एका मीटिंगमध्ये सहा लूमवाले तासभर गप्प बसून होते. मी नाराजीने लिहिलं, "चर्चा झाली नाही."

अक्का म्हणाल्या, "खोडून टाक ते. हात बघितले नाहीस का? फावडी कोण आणणार, गाडा कोण देणार, सगळं ठरलंय."

*

प्लॉटचा अर्ज घेऊन आम्ही वॉर्डाच्या साहेबांकडे गेलो. अक्का, मी आणि भिकाभाऊ. भिकाभाऊने दारातूनच आदराने नमस्कार केला, "रामराम साहेब!"

साहेबांच्या हातातला चहा सांडला. शिपाई धावत आला. बाहेरचे क्लार्क उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, मोर्चा आला!

साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं. गुजरातीत विचारलं, "केटला माणस छे?" किती माणसं आहेत?

"तीन," अक्का म्हणाल्या. "आवाज तेवढा जास्त आहे."

साहेब हसले, पण कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "दिवाळीपर्यंत प्लॉट चोख्खो, एकदम स्वच्छ ठेवा. मी न सांगता येईन. एक कागद जरी दिसला, तर तिथं कचऱ्याचा डबाच ठेवीन."

त्या दिवसापासून सुमनबाईंनी प्लॉटच्या कोपऱ्यात खाट टाकली. टिकल्यांचं काम तिथंच. कचऱ्याची टोपली दिसली रे दिसली की त्यांचा आवाज डिंडोलीपर्यंत जायचा! महिन्याभरात लोक टोपली घेऊन लांबच्या रस्त्याने जाऊ लागले.

*

दिवाळीच्या आधी साहेब आले. चालत, एकटे. नाक्यावर भिकाभाऊने ओळखलं आणि हात वर केला. शेठ आला! खूण गच्चीवर गेली, ओट्यावर गेली, गल्लीभर गेली. तोंडातून शब्द न काढता बायकांनी कपड्यांच्या दोऱ्या आवरल्या, नानांनी गटारातली काडी उचलली. साहेब प्लॉटपाशी पोचले तेव्हा जमीन ताटासारखी लख्ख.

फक्त एक चूक झाली. सुमनबाई कधी कारखान्यात गेल्याच नव्हत्या, घरातही कोणी लूमवाला नव्हता. त्यांना खुणा येत नव्हत्या!

साहेब खूश झाले. खिशातून पानमसाल्याची पुडी काढली, तोंडात रिकामी केली आणि कागद टाकला. प्लॉटवर.

"ए! उचल!"

साहेबांनी मागे पाहिलं. सुमनबाई झाडू घेऊन उभ्या.

"इकडंतिकडं काय बघतोस? तुलाच म्हणते! इथं आमची पोरं बसणार आहेत. उचल!"

आम्ही सगळे हातवारे करत होतो. गल्लीभर हात नुसते नाचत होते! त्या आमच्याकडे बघेनात. साहेब वाकले. कागद उचलला, खिशात घातला आणि सरळ निघून गेले.

गेली बालवाडी! कोण होते ते कळल्यावर सुमनबाई पहिल्यांदा रडल्या. अक्का त्यांच्या खाटेवर बसून टिकल्या लावत राहिल्या. म्हणाल्या, "राखण तुझ्याकडे होती. तू केलीस."

आठ दिवसांनी साहेब पुन्हा आले. हातात बालवाडीच्या मंजुरीचा कागद! भिकाभाऊ असा ओरडला की कामरेजला ऐकू गेलं असेल. नानांनी टोपी काढून डोळे पुसले. अक्कांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि शेजारच्या खाटेला बांधलेल्या पोराच्या पायाची गाठ सोडली.

साहेबांचं लक्ष मात्र दुसरीकडेच. "पेलां बेन क्यां छे?" त्या बाई कुठे आहेत?

सुमनबाई दाराआड.

साहेब अक्कांना हळूच म्हणाले, "दुसऱ्या मोहल्ल्यात पण असाच एक प्लॉट आहे. आठ दिवस या बेनला तिकडे पाठवाल का?"

अक्कांनी थोडा विचार केला.

"पाठवू की साहेब. पण ते आठ दिवस तुम्ही तिकडं फिरकू नका!"