शनिवारी टाइप केलेला कागद

इस्मे लाबोर्ड गव्हर्नर जनरलांच्या बंगल्यावर टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मिशनच्या सिस्टरांनी तिला डोळ्यांवर रुमाल बांधून टायपिंग शिकवलं होतं. पुढे बेटावर चार पंतप्रधान झाले, आणि चौघांच्याही नेमणुकीचे कागद तिच्याच यंत्रातून निघाले. राजा समुद्रापलीकडे, इथे त्याच्या जागी गव्हर्नर जनरल, सर कॉन्रॅड. एवढा थोरला बंगला, म्हणजे राज्यही यांचंच, असं लोकांना वाटे. सही सरांची असली तरी मजकूर पंतप्रधानांचा असतो, हे इस्मेला पक्कं ठाऊक होतं.

लग्न तिने केलं नाही. आई लवकर गेली, धाकट्या फेल्टनला तिनेच वाढवलं. फेल्टन कोळ्यांचा पुढारी झाला आणि निवडूनही आला. पंधरा जणांच्या सभागृहात पंतप्रधान ड्यूबेरींच्या मागे आठ जण, त्यांतला एक फेल्टन. पण गावचा बोटींचा धक्का दोन वर्षं नुसता नकाशावरच राहिला, तसा तो बिथरला. मंगळवारी सरकारवर अविश्वासाचा ठराव येणार होता.

शनिवारी सकाळी ड्यूबेरी न कळवता बंगल्यावर आले. सरांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

"सभागृह विसर्जित करावं, असा माझा सल्ला आहे," ते म्हणाले.

"मंगळवारपर्यंत थांबत नाही?"

"मंगळवारी माझ्यामागे किती उरतील, सर?"

ड्यूबेरी गेल्यावर सर कॉन्रॅडनी इस्मेला आत बोलावलं.

"ठराव मंजूर झाला असता तर मला वेगळा विचार करता आला असता. आज बहुमत त्यांच्याकडे आहे. त्यांनी सांगायचं आणि मी सही करायची. सोमवारी सकाळी रेडिओवर जाईल. तोवर बाहेर एक अक्षर नको. फेल्टन तुमचा भाऊ आहे, हे मी विसरलेलो नाही, मिस लाबोर्ड."

"मीही नाही, सर."

त्या दिवशी टाइप करताना चुका होऊन तिला कागद दोनदा बदलावा लागला. असं आजवर कधी झालं नव्हतं.

रविवारी ती नेहमीसारखी फेल्टनकडे जेवायला गेली. भावजयीने नीरफणस भाजला होता, सोबत खारा मासा. फेल्टन खुशीत होता.

"ताई, तीन वाजता चर्चसमोर सभा घेतोय. सांगूनच टाकतो लोकांना, मंगळवारी माझं मत सरकारविरुद्ध. ड्यूबेरी बसला घरी!"

इस्मेने हातातला घास खाली ठेवला. आज हा बोलला की उद्या याचं निवडणुकीचं तिकीट कापलं जाणार. गप्प राहिला तर वाचेल.

"आज नको बोलूस," ती म्हणाली.

"का?"

"ऊन फार आहे."

"घ्या! कोळ्यांना उन्हाची भीती घालतेय! पंख्याखाली बसून बसून नाजूक झालीस तू."

"मंगळवारी सभागृहातच बोल ना, फेल्टन."

तो हसता हसता थांबला. "तुला काही कळलंय का?"

नीरफणसाची करपलेली साल ती नखाने खरवडत राहिली. "मासा गार होतोय तुझा," म्हणाली.

तीन वाजता तो बोलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकावर इस्मे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

सोमवारी रेडिओने निवडणूक जाहीर केली. दुपारपर्यंत ड्यूबेरींच्या पक्षाने फेल्टनच्या जागी एका मास्तराला उभं केलं. विरोधकांचा उमेदवार आधीच ठरलेला होता. फेल्टन एकटा लढला आणि एक्केचाळीस मतांनी पडला. ड्यूबेरी पुन्हा आले. त्यांच्या नेमणुकीचा कागद इस्मेनेच टाइप केला.

त्याच संध्याकाळी फेल्टन बंगल्याच्या फाटकाशी उभा होता.

"आधीच माहीत होतं ना तुला?"

"शनिवारपासून."

"आणि मला उन्हाची थाप मारलीस."

"तेवढंच बोलता येत होतं रे."

तो पाठ फिरवून चालू लागला. नऊ महिने बोलला नाही. इस्मे मात्र दर रविवारी बस पकडून जायची. भावजय वाढायची, तो होडीकडे निघून जायचा. कधी कधी तिला वाटे, सांगून टाकायला हवं होतं. मग सोमवारी ती यंत्रासमोर बसे, आणि तसं वाटेनासं होई.

एका रविवारी तो उठला नाही. पानावर बसून राहिला. घास मोडता मोडता म्हणाला, "बंगल्यावर काय चाललंय सध्या?"

इस्मेचा हात थबकला.

"राहू दे," तो म्हणाला. "नाही विचारत."

आणि मिरचीची बाटली त्याने तिच्याकडे सरकवली.