अळूचं पिंप आणि दुसरी बाटली

गेल्या शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता मी आमच्या मागच्या अंगणात अळू लावलेल्या पिंपाची आतली कड पाणी टाकून जुन्या टूथब्रशने घासत होतो... आणि ते पाणी बाटलीत भरत होतो. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "शुक्रवारची सुट्टी आहे, जरा झोप की रे."

झोप येणार कशी? ताई सातव्या महिन्यात डोंबिवलीला माहेरी आलेली. रविवारी तिचं डोहाळजेवण, आणि तिला या पिंपातल्या अळूच्याच वड्या हव्या होत्या. पिंप बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी कंपनीतून आणलेलं. त्यात क्रोमचं द्रावण यायचं.

बाबा एमआयडीसीत, जिथे शुक्रवारी सुट्टी असते, प्लेटिंगला, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा चढवायच्या कामाला होते. मी बारावीत दोनदा नापास झालो आणि आता तशाच एका कंपनीत सांडपाण्याच्या प्लांटवर आहे. पिवळं पाणी येतं, त्यात आम्ही पावडर टाकून ते हिरवं करतो, मग चुना टाकून गाळ खाली बसवतो. पिवळं ते घातक क्रोम, हिरवं त्यामानाने गरीब... एवढं मला कळतं. म्हणूनच भीती वाटत होती.

"इतकी वर्षं खातोय आपण, काय झालं?" आई म्हणाली.

 संध्याकाळी बाबांनी माझ्या हातात आणखी एक बाटली दिली. "ही पण तपासून आण. कशाचं पाणी ते नंतर सांगतो."

त्या दिवशी दुपारी बाबा चटईवर झोपलेले, तेव्हा त्यांच्या नाकातून येणारी बारीक शीळ ऐकत मी बराच वेळ बसलो होतो. लहानपणी दर शुक्रवारी ती ऐकायचो. मी आणि ताई तोंडावर हात ठेवून हसायचो, आणि कधी कधी त्या आवाजावरच झोपून जायचो. क्रोमच्या वाफेने नाकातल्या पडद्याला भोक पडतं, त्याची ती शीळ, हे मला नोकरीला लागल्यावर समजलं... त्यानंतर हसू आलं नाही.

अजून एक आठवतं. शेजारच्या मुलांचे बाबा कामावरून आले की मुलांना उचलून घ्यायचे. आमचे बाबा कंपनीत आंघोळ करून, कपडे तिथेच धुऊन, ते ओले पिशवीत घालून यायचे. तरी घरी परत आंघोळ. तोवर जवळ जायचं नाही. आम्हाला वाटायचं, बाबांना आमच्यापेक्षा साबण जास्त आवडतो.

शनिवारी दोन्ही बाटल्या आमच्या कंपनीच्या लॅबमधल्या मॅडमना दिल्या. त्यांनी दोन्हींत तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं क्रोम असेल तर पाणी जांभळं होतं.

पिंपाचं पाणी तसंच राहिलं. दुसरी बाटली जांभळी झाली.

"हे कुठलं आणलंस?" मॅडमनी विचारलं. "घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

घरी आल्या आल्या बाबांना विचारलं. "तुझ्या सॅकचं," ते म्हणाले. "बूड धुऊन भरलं. प्लांटवर खाली ठेवतोस आणि घरी आलास की जेवणाच्या खुर्चीवर. तिथेच ताई बसते."

 मी पिंपाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "तीन दिवस पावडरच्या पाण्यात भिजवलं, मग चुना, मग सात पाण्यांनी धुतलं. सगळं पाणी कंपनीच्या टाकीत. घरात काय तसंच आणणार होतो?"

"मग सरळ सांगायचं ना, बाबा."

"सांगून तुला पटतं का? तू पाहिल्याशिवाय ऐकत नाहीस. आईवर गेलायस."

आतून आई म्हणाली, "ऐकू येतंय हं मला."

खुर्ची आम्ही दोघांनी मिळून पुसली, फडकं पिशवीत बांधून मी कंपनीत नेलं. सॅक आता तिथेच लॉकरमध्ये असते. रविवारी ताईने नऊ वड्या खाल्ल्या आणि दहावीसाठी माझ्याशी भांडली.

सोमवारपासून मी कंपनीतच आंघोळ करून, कपडे धुऊन निघतो. ओल्या कपड्यांची पिशवी हातात घेऊन गेटबाहेर पडताना वाटतं... बाबांनी आम्हाला रोज अर्धा तास उशिरा जवळ घेतलं, म्हणून आज ताई निर्धास्त आहे. तिचं बाळ येईल, तेव्हा मीही त्याला उशिराच उचलेन.